बिडाचा मॅनिफोल्ड तडकला: तोच बसवू की स्टेनलेसचा करून घेऊ?

प्रश्न, फोंड्याहून:

गाडी १.८ लिटर टर्बो पेट्रोल, चार सिलिंडर, वीसेक वर्षं जुनी. सकाळी थंड इंजिन चालू केलं की बॉनेटखाली टिकटिक वाजते आणि बाणस्तारीच्या पुलापर्यंत पोचेतो थांबते. हीट शील्ड काढून बघितलं तर मॅनिफोल्डला (सिलिंडरांतला जळका गॅस गोळा करून टर्बोकडे नेणारा भाग) दोन आणि तीन नंबर सिलिंडरच्या मध्ये बारीक भेग आहे, भोवती काजळी धरलीय. टोकाचा एक स्टडही (मॅनिफोल्ड इंजिनाच्या हेडला आवळून धरणारी आट्यांची सळई) तुटलाय. हल्ली अ‍ॅव्हरेजही पडलंय.

आता एक तर जुन्या बाजारातून तसाच बिडाचा मॅनिफोल्ड आणायचा, किंवा ऑनलाइन मिळतो तो स्टेनलेस पाइपांचा तयार घ्यायचा, नाहीतर इथेच कुणाकडून बनवून घ्यायचा. टर्बो मूळचाच आहे, रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) केलेला आहे. बेळगावला चोर्ला घाटातून नेहमी जाणं-येणं असतं. वळणातून बाहेर पडताना गाडीने खालच्या आरपीएमला लवकर उचल घ्यावी, एवढंच हवंय. पाइपांच्या मॅनिफोल्डने तसा फरक पडेल का?

उत्तर, वेर्ण्याहून:

मी फॅब्रिकेटर आहे. आधी इथल्या औषध कंपन्यांत स्टेनलेसच्या लाइनी वेल्ड करायचो, आता गाड्यांचीच कामं घेतो. असं काम मला मिळालं तर हवंच आहे, तरीही सांगतो: टर्बो मूळचाच ठेवणार असाल तर बिडाचाच बसवा.

तुम्हाला उचल खालून हवीय. कारखान्याचा मॅनिफोल्ड आखूड असतो, जाड असतो आणि आतली जागा कमी असते. त्यामुळे गॅस टर्बाइनपर्यंत (टर्बोतलं गॅसने फिरणारं चाक) गरम आणि दाबात पोचतो आणि टर्बो लवकर जागा होतो. पाइपांच्या मॅनिफोल्डमध्ये प्रत्येक सिलिंडरचा गॅस वेगळा वाहतो, एकाचा धक्का दुसऱ्याच्या उघड्या व्हॉल्व्हवर परत जात नाही. हा फायदा खरा आहे, पण तो वरच्या आरपीएमला आणि मोठ्या टर्बोवर दिसतो. तुमच्या छोट्या टर्बोत गॅस अडतो तो टर्बाइनच्या तोंडाशीच. त्याच्या आधीचा रस्ता कितीही रुंद केला तरी पुढचं दार तेवढंच.

आता धातूचं. ३५० मिमी लांबीचा स्टेनलेस ८०० अंशांनी तापला तर जवळजवळ ५ मिमी लांबतो, बीड तेवढ्यात साडेतीनच्या आसपास. हेड मात्र पाण्याने थंड राहतं आणि फ्लँज (मॅनिफोल्डची बोल्ट मारायची जाड पट्टी) त्याला घट्ट आवळलेली असते. वाढलेली लांबी जाणार कुठे? ती वेल्डच्या कडेला तडा पाडते किंवा टोकाचे स्टड ओढते. त्यात टर्बोचं वजन त्याच पाइपांवर लोंबतं. स्वस्तातल्या मॅनिफोल्डचा पत्रा दीड मिमीच्या आसपास असतो. आपल्या रस्त्यांवर तो किती दिवस टिकेल याची खात्री मी तरी देणार नाही.

बनवायचाच झाला तर शेड्यूल १० चे (पाइपाच्या जाडीचं माप) सव्वा इंची एल्बो घ्या, भिंत २.७७ मिमी येते. हेडकडची फ्लँज १२ मिमीची, आणि वेल्डिंग झाल्यावर पोर्टांच्या (गॅस यायच्या भोकांच्या) मध्ये कापलेली, म्हणजे प्रत्येक तुकड्याला सरकायला वाव राहतो. टर्बोला इंजिन ब्लॉकवरून वेगळा ब्रॅकेट हवा. आर्गन वेल्डिंग करताना पाइपाच्या आतूनही आर्गन सोडायलाच हवा. नाही सोडला तर आतल्या बाजूला काळी, खडबडीत, भुसभुशीत पापडी धरते. बाहेरून वेल्ड चकचकीत दिसतो आणि आतली पापडी एक दिवस सुटून टर्बाइनच्या पात्यांवर जाते. ती पाती मिनिटाला लाखाच्या वर फिरत असतात. बार्जच्या यार्डातला वेल्डर जाड पोलादावर उत्तम काम करतो, पण या कामाला फार्माच्या लाइनी जोडलेला माणूस शोधा. आतून गॅस सोडणं त्याच्या रोजच्या सवयीतलं असतं.

अ‍ॅव्हरेजचं कारणही हीच भेग असणार. गॅसच्या दोन धक्क्यांच्या मध्ये तिच्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढचा ऑक्सिजन सेन्सर समजतो पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जास्त सोडतो.

उत्तर, म्हापशाहून:

वेर्णेकर भाईंशी बव्हंशी सहमत, पण पाइपांच्या मॅनिफोल्डला सरसकट बाद करू नका. पुढे मोठा, ट्विन स्क्रोल (गॅस आत यायला दोन वेगळ्या वाटा असलेला) टर्बो टाकायचा विचार असेल तर तो लागतोच. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२, म्हणून एक आणि चारची जोडी एका बाजूला, दोन आणि तीनची दुसऱ्या बाजूला ठेवता येते. अशी विभागणी केली तर खालची उचलही सुधारते. बिडाच्या साध्या मॅनिफोल्डमध्ये ते जमत नाही.

एक्झॉस्ट रॅप (उष्णता अडवणारी कापडी पट्टी) मात्र गुंडाळू नका. पावसाळ्यात तो ओलावा धरून ठेवतो, किनाऱ्यावर त्यात खारही असतो, आणि मॅनिफोल्ड आतल्या आत खाल्ला जातो. कारखान्याची हीट शील्डच परत बसवा.

उत्तर, मडगावहून:

बदल काहीही करा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या फेरफारांवर बंधनं आहेत. काम करायच्या आधी विमा कंपनीला लेखी विचारून ठेवा.

प्रश्नकर्ता:

सगळ्यांचे आभार. मोठा टर्बो टाकायचा नाही, तेव्हा बिडाचाच बघतो. भाई, आहे त्याच मॅनिफोल्डची भेग वेल्ड करून चालेल का? आणि तुटलेला स्टड?

उत्तर, वेर्ण्याहून:

बीड वेल्ड होतं, पण निकेलचा रॉड लागतो, आधी पूर्ण तुकडा तापवावा लागतो आणि नंतर कोरड्या वाळूत किंवा चुन्यात पुरून हळूहळू थंड करावा लागतो. इतकं करूनही वर्षानुवर्षं जळलेलं बीड वेल्डच्या शेजारी पुन्हा फाटतं. टर्बोचं वजन त्यावरच असताना मी ते करणार नाही.

जुन्या बाजारातला घेताना दुकानातच सरळ पट्टी लावून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचं माप) घाला. ०.१ मिमीची पाती शिरली तर फेसिंग (मशीनवर तोंड सपाट) करून घ्या. पोर्टच्या कडा गॅस्केटशी जुळत नसतील तर ग्राइंडरने थोड्या जुळवा, हे कमी खर्चाचं आणि खरंखुरं उपयोगी मॉडिफिकेशन आहे. गॅस्केट पत्र्याच्या थरांचं घ्या, स्टड आणि नट सगळे नवे. आवळताना मधून टोकांकडे जायचं, टॉर्क मॅन्युअलमधलाच.

स्टड हेडच्या बाहेर थोडा जरी उरला असेल तर त्यावर नट ठेवून नटाच्या आतून वेल्ड करा आणि गरम असतानाच हलकेच पुढे-मागे करत काढा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, ड्रिल एकदम घालू नका. हे सगळं चालू असताना टर्बोची ऑइल रिटर्न लाइन साफ करून घ्या, ती नंतर हाताला लागत नाही. आणि तडकलेला मॅनिफोल्ड भंगारात देऊ नका. कधी पाइपांचा करायचं ठरवलंत तर टर्बो मूळ जागीच बसवायला जिग (जागा जुळवायचा साचा) म्हणून तोच लागेल.