पावसाळ्यातील पिवळसर पाणी : क्लोरीन कमी करावे का?

धरणकाठ : कोकणातील एका लहान शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात मी काम करतो. पहिल्या पावसानंतर जंगलातील कुजलेला पाचोळा धरणात उतरतो आणि पाणी पिवळसर येते. तुरटीने गढूळपणा जातो, रंग मात्र पूर्ण जात नाही. आम्ही कच्च्या पाण्यालाच क्लोरीन देतो आणि या दिवसांत त्याची मात्रा वाढवावी लागते. त्यातून क्लोरोफॉर्म तयार होते असे वाचले. मात्रा कमी करावी का?

साठवणटाकी : कृपया तसे करू नका. कावीळ आणि गॅस्ट्रो काही दिवसांत शहरभर पसरतात. क्लोरोफॉर्मची काळजी वर्षानुवर्षे पोटात जाणाऱ्या पाण्यासाठी असते. रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी 1974 मध्ये दाखवून दिले की, क्लोरीन पाण्यातील नैसर्गिक ह्युमिक द्रव्यांशी (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून उतरणाऱ्या, रंग देणाऱ्या सेंद्रिय द्रव्यांशी) संयोग पावल्यामुळे क्लोरोफॉर्मसारखी संयुगे तयार होतात. म्हणून आधी ती द्रव्ये काढावीत आणि क्लोरीन गाळणीनंतर द्यावा. मात्र शुद्ध पाण्याच्या टाकीत त्याला जंतू मारायला पुरेसा वेळ मिळतो ना, हे तपासल्याशिवाय जागा बदलू नये.

जारचाचणी : तुरटीची मात्रा बहुधा केवळ गढूळपणा पाहून ठरवली जात असावी. ह्युमिक द्रव्ये काढण्यासाठी सामू (पीएच) 5.5 ते 6.5 च्या दरम्यान असावा लागतो, कारण तेथे त्यांचा ऋणभार कमी होतो आणि ती तुरटीच्या गुठळ्यांना सहज चिकटतात. जांभ्याच्या प्रदेशातील पाण्याची क्षारता (आम्ल झेलण्याची क्षमता) मुळातच कमी असते आणि 1 मिलिग्रॅम तुरटी सुमारे अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाते, त्यामुळे सामू आपोआप उतरतो. तुरटीसोबतच चुना टाकत असाल, तर हा फायदा तुम्ही स्वतःच घालवत आहात. चुन्याची निवळी गाळणीनंतर द्या. ती टाळू मात्र नका, नाहीतर आम्लधर्मी पाणी नळवाहिन्या खाईल. पाण्यात उरलेले ॲल्युमिनियमही तपासा.

धरणकाठ : चुना सोबतच टाकतो. जार चाचणीत (तुरटीच्या वेगवेगळ्या मात्रा भांड्यांत करून पाहताना) रंगाव्यतिरिक्त काय मोजावे?

जारचाचणी : गाळलेल्या नमुन्याचे 254 नॅनोमीटरवरील अतिनील शोषण आणि विरघळलेला सेंद्रिय कार्बन मोजा. प्रतिमीटर शोषणाला कार्बनच्या मिलिग्रॅमने भागून उत्तर 4 च्या वर आले, तर तुरटी चांगले काम करील. 2 च्या खाली आले, तर सक्रिय कोळशाचा विचार करावा लागेल. क्लोरोफॉर्मची मर्यादा आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरला 0.2 मिलिग्रॅम आहे. त्याचा नमुना केंद्रावर न घेता शेवटच्या नळावर घ्या, कारण वाहिनीतही ते वाढत जाते.