परदेशातल्या रुग्णालयात आईवडिलांचा शेवट: माया ठरवून देता येते का?

उंबरठा

माझं म्हणणं आधीच मांडते, म्हणजे वाद घालणं सोपं जाईल. परदेशात आपल्याकडे आलेले आईवडील तिथल्या रुग्णालयात शेवटाला लागले, तर त्यांना मिळणारी माया एखाद्या प्रेमळ नर्सच्या ड्यूटीवर अवलंबून राहता कामा नये. ती कामाच्या पद्धतीतच बसवलेली हवी, आणि तशी बसवता येते.

माझी आई माझ्याकडे आलेली असताना गेली. स्वादुपिंडाचा कर्करोग, कळला तेव्हाच यकृतापर्यंत पोचलेला. देशाचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा त्या देशाच्या आरोग्यव्यवस्थेवर घसरेल आणि तिथेच संपेल.

डॉक्टर बोलायला आल्या त्या उभ्याने बोलल्या नाहीत. खुर्ची ओढून आईच्या डोळ्यांसमोर बसल्या. मी भाषांतर करायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "ते काम आमचं. तुम्ही नुसत्या बसा तिच्याजवळ." फोनवर मराठी दुभाषी बाई आल्या, फोन स्पीकरवर टाकून उशीशी ठेवला. आईने आधी त्या बाईंना विचारलं, "तुम्ही कुठल्या?" मग डॉक्टरांकडे बघून, "किती दिवस राहिलेत?" हा प्रश्न तिने मला एकदाही विचारला नव्हता.

भेटीच्या वेळांचं बंधन आमच्यापुरतं काढलं. मॉनिटरचा आवाज बंद केला, कारण ते आकडे बघून आता कोणी काही करणार नव्हतं. रात्रीची नर्स स्पंजच्या काडीने आईचे ओठ ओले करायची, ते मलाही शिकवलं. घशात घरघर लागेल, ती ऐकणाऱ्याला जितकी भयंकर वाटते तितका त्रास रुग्णाला बहुधा होत नसतो, हे तिने घरघर लागायच्या आधीच सांगून ठेवलं होतं. त्या "आधीच"चं मोल मला फार वाटतं.

यातलं बरंचसं ठरलेलं होतं, कोणाची मर्जी नव्हती. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (शेवटाला लागलेल्यांची शुश्रूषा करणारी जागा) सुरू केलं तेव्हापासून ही विद्या शिकवली जातेय. दुखणं अंगाचं, मनाचं, घरच्यांचं, श्रद्धेचं असं सगळं मिळून बघायचं, आणि औषध रुग्ण कळवळल्यावर नाही तर त्याआधी, घड्याळाप्रमाणे द्यायचं. जे शिकवता येतं ते हक्काने मागताही यायला हवं. विरोध असेल तर मोकळेपणाने लिहा.

फटकळ

आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. मताला मात्र साफ विरोध.

पद्धत म्हटली की फॉर्म आला, फॉर्म आला की रकान्यात टिकमार्क. ब्रिटनमध्ये नेमकं हेच घडलं. हॉस्पिसमधली चांगली रीत साध्या वॉर्डांत आणायची म्हणून नव्वदच्या दशकाच्या शेवटी 'लिव्हरपूल केअर पाथवे' तयार केला. हेतूत खोट नव्हती. पुढे तक्रारी सुरू झाल्या: घरच्यांना न विचारता माणसाला त्यात टाकलं, पाणी मागितलं तरी दिलं नाही, गुंगीत ठेवलं. वर रुग्णालयांना ती पद्धत राबवल्याबद्दल पैसेही मिळत होते! २०१३ साली ज्युलिया न्यूबर्गर यांच्या समितीने ती बंद करायला सांगितली आणि पुढच्या वर्षापर्यंत ती गुंडाळली गेली.

तुम्हाला माणसं चांगली भेटली. त्याचं श्रेय तुम्ही नियमावलीला देताय. तीच नियमावली घाईतल्या, कंटाळलेल्या माणसाच्या हातात द्या आणि मग बघा.

रात्रपाळी

मी अतिदक्षता विभागात नर्स आहे, परदेशातच. फटकळ, त्याच समितीने हेही लिहिलं आहे की जिथे पद्धत नीट वापरली तिथे माणसं शांतपणे, सन्मानाने गेली. तुम्ही तेवढं गाळलंत.

घाईतल्या माणसाचं म्हणाल तर पद्धत त्याच्यासाठीच लागते. ओरेगनमध्ये युजीन इथे सँड्रा क्लार्क नावाची नर्स होती. एका म्हाताऱ्या रुग्णाने तिला "माझ्याजवळ बसशील का?" विचारलं. ती म्हणाली, बाकीचे रुग्ण बघून आलेच. परत येईपर्यंत तो एकटाच गेलेला. ही गोष्ट १९८६ची. ती काही निष्ठुर नव्हती, तिच्याकडे बाकीचे रुग्ण होते. पुढे २००१ साली तिच्या रुग्णालयात 'नो वन डाइज अलोन' सुरू झालं. जवळ कोणी नसलेल्या मरणासन्न माणसापाशी स्वयंसेवक पाळीपाळीने बसतात. आता कितीतरी रुग्णालयांत हे चालतं. आईवडिलांकडे निघालेल्या, अजून विमानातच असलेल्या मुलामुलींसाठी याचा अर्थ काय होतो, ते मी पाहिलेलं आहे.

कॅनडात हॅमिल्टनला २०१३ साली 'थ्री विशेस' सुरू झालं, तेही अतिदक्षता विभागात. रुग्णाच्या, घरच्यांच्या छोट्या इच्छा विचारायच्या आणि पुऱ्या करायच्या. बहुतेक इच्छांना पैसाही लागत नाही. पण विचारायचं हे कोणाच्या तरी कामात लिहिलेलं असावं लागतं. नाहीतर माझ्यासारखी मायाळू बाईसुद्धा (हो, मी आहे) पहाटे पंप बदलण्यात सगळं विसरते.

जुनेजाणते

दुभाषी, खुर्ची, स्पंज, सगळं ठीक. पण आजारी माणसाला, तेही परक्या मुलखात, फोनवरच्या अनोळखी आवाजातून "तुमचे थोडे दिवस राहिलेत" हे ऐकवायचं, ही माया? मला तर हा वकिली बंदोबस्त वाटतो. आम्ही सांगितलं होतं, लेखी नोंद आहे, आता तुम्ही आमच्यावर दावा लावू शकत नाही. घरच्यांनी ओझं उचलायचं आणि रुग्णाला आशेवर ठेवायचं, यात जे शहाणपण होतं ते या डॉक्टरांना कळणार नाही.

उंबरठा

जुनेजाणते, आईने स्वतः विचारलं. डॉक्टरांनी आधी तिलाच विचारलं होतं की तुम्हाला सगळं ऐकायचंय, की मुलीशी बोलू? "मुलीशी बोला" म्हणाली असती तर तेही चाललं असतं. सांगणं लादलं नाही, न सांगणंही लादलं नाही. आपण घरात जे करतो ते बहुतेक वेळा दुसरं असतं.

अर्धविराम

न विचारण्याचा पुढचा टप्पाही बघून घ्या. इंग्लंडमध्ये जॅनेट ट्रेसी नावाच्या बाईंच्या फाइलमध्ये "हृदय थांबलं तर पुनरुज्जीवन करू नये" ही नोंद त्यांना न विचारता केली गेली. घरच्यांनी कोर्ट गाठलं. २०१४ साली अपील कोर्टाने सांगितलं की रुग्णाशी बोलायलाच हवं. त्याला वाईट वाटेल एवढं कारण पुरत नाही. त्याच्या मनाला किंवा शरीराला खरोखर इजा होणार असेल तरच सूट. म्हणजे "बिचाऱ्याला कशाला सांगायचं" ही वृत्ती फक्त आपल्या घरांत असते असं नाही, डॉक्टरांतही आहे.

नाडीपरीक्षा

डॉक्टर आहे, म्हणून दुसरी बाजू. १९९१ साली कॅनडातल्या काही डॉक्टरांनी एका नमुन्याला नावच दिलं: 'डॉटर फ्रॉम कॅलिफोर्निया सिंड्रोम'. जवळ राहणाऱ्या नातेवाइकांचं आणि डॉक्टरांचं सगळं ठरलेलं असतं, आणि लांबून एक मुलगी उगवते. व्हेंटिलेटर लावा, नळी घाला, अजून एक तपासणी करा. वर्षानुवर्षं फिरकलेली नसते, त्या अपराधी भावनेचं बिल आम्हाला फाडते. कॅलिफोर्नियातले डॉक्टर म्हणे हेच दुसऱ्या कुठल्या ठिकाणाच्या नावाने ओळखतात.

उंबरठा यांच्या उलट ही परिस्थिती, पण मुद्दा तोच. रुग्णालयाने नातेवाइकांची माया सांभाळायची की रुग्णाची? दर वेळी दोन्ही जमत नाही.

सातासमुद्रापार

तो लांबून उगवणारा मुलगा मीच. नावं ठेवायची हौस डॉक्टरांना फार. त्या लांबच्या माणसाला माहिती कशी मिळते, हे कधी विचारलंत? वेळेतल्या फरकामुळे राउंड चालू असतो तेव्हा मी झोपेत. फोन केला की "फोनवर सांगता येत नाही". भावाने सांगितलेलं तिसऱ्या तोंडचं. मग प्रत्यक्ष पोचतो तेव्हा आठवड्यापूर्वी ठरलेलं माझ्या कानावर पहिल्यांदा पडतं. मी भांडणार नाही तर काय करणार? रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या एका डॉक्टरचा पाच मिनिटं व्हिडिओ कॉल, एवढं केलंत तर तुमचं सिंड्रोम निम्मं बरं होईल. ही माया पद्धतीत बसवता येते की नाही?

नाडीपरीक्षा

येते. त्या पाच मिनिटांसाठी माणूस द्या, मग बोलू.

शंकासुर

मला वेगळीच भीती वाटते. "त्रास होऊ देणार नाही" म्हणत मॉर्फिन चढवायचं आणि खाट मोकळी करायची. परक्या देशात, विम्याचे दिवस संपत आलेल्या म्हाताऱ्याच्या बाबतीत हा मोह होत नसेल?

रात्रपाळी

मॉर्फिन थोड्या मात्रेपासून, दुखण्याच्या मापाने वाढवत नेतात. तसं दिलं तर त्याने माणूस लवकर जातो असं दिसत नाही. धाप कमी करायलाही तेच वापरतो. २०१० साली बॉस्टनचा अभ्यास आला होता. फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाचे १५१ रुग्ण, निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारी शुश्रूषा. ते सरासरी साडेअकरा महिन्यांच्या आसपास जगले, बाकीचे नऊच्या आसपास. शेवटी धडपडीचे उपचारही त्यांना कमी झाले होते.

शंकासुर

अहो, तो अभ्यास निदान झाल्याबरोबर बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्यांचा! चालत येणाऱ्या माणसाचा पुरावा खाटेवर शेवटचे श्वास घेणाऱ्याला लावताय. मी विचारलं होतं शेवटच्या आठवड्याबद्दल, आणि पैशाबद्दल. दुसऱ्याला तर तुम्ही हातच लावला नाहीत.

हिशेबी

पैशाला मी हात लावतो. भेटीला आलेल्या आईवडिलांचा विमा आधीपासूनचे आजार बहुतेक वेळा वगळतो, आणि "आधीपासूनचा" कुठला हे कंपनी ठरवते. अमेरिकेत १९८६च्या कायद्यामुळे तातडीचा विभाग पैसे न विचारता प्रकृती स्थिर करतो. स्थिर झाल्यावर काय, हे तो कायदा सांगत नाही. तिथल्या ज्येष्ठांना मेडिकेअर या सरकारी विम्यातून हॉस्पिस मिळतं, पाहुण्यांना नाही. म्हणजे वर उंबरठा यांनी सांगितलेली सगळी रीत असते, पण कोणासाठी असते ते कार्डावर ठरतं. माझ्या अनुभवात डॉक्टर बसून बोलल्या, अगदी तशाच खुर्ची ओढून. त्याच दुपारी बिलिंगची बाई त्याच खुर्चीत येऊन बसली. पद्धत तिचीही होती.

"मग घरी का नाही नेलं" म्हणणाऱ्यांसाठी: विमानात केबिनचा दाब साधारण दोन हजार मीटरहून उंच डोंगरावर असावा तितका असतो. आधीच धाप लागलेल्याला तिथे प्राणवायू कमी पडतो. विमान कंपनी डॉक्टरचा फॉर्म मागते आणि नकार देऊ शकते. नेण्याची खिडकी छोटी असते, आणि ती उघडी असते तेव्हा सगळे केमोचं बोलत असतात. तेव्हाच कोणीतरी "न्यायचं असेल तर आता न्या" हे म्हणायला हवं. माझ्या मते ही सगळ्यात मोठी माया, आणि ती कोणीच करत नाही, कारण ते हरल्यासारखं वाटतं.

उंबरठा

हिशेबी, बिलिंगचा मुद्दा माझ्या बाजूचाच धरते. मरणाऱ्याच्या खोलीत हिशेबाची व्यक्ती येणार नाही, हा नियम एका ओळीत लिहिता येतो. न्यायचं ते आता, हे आम्हालाही कोणी म्हणालं नाही. तेवढं मात्र कुठल्याच रकान्यात नव्हतं.

फटकळ

बघा, शेवटी तुम्हीच म्हणालात. रकान्यात नव्हतं म्हणून कोणी म्हणालं नाही. रकाने नसते तर कदाचित एखाद्याने स्वतःच्या डोक्याने म्हटलं असतं.

अर्धविराम

किंवा तोही म्हणाला नसता. रकाने नसलेल्या रुग्णालयांत मी भरपूर बसलोय, फटकळ. तिथे कोणी स्वतःच्या डोक्याने बोलताना फारसं दिसलं नाही.

नवखी

वाद चालू द्या, पण माझे सासरे परवा दाखल झालेत आणि मी रोज भाषांतर करतेय. डॉक्टरांचं वाक्य माझ्या तोंडी येईपर्यंत मऊ होतं, हे मलाच कळतंय. दुभाषी मागायचा कसा? उद्धट वाटेल का?

रात्रपाळी

अजिबात नाही. आज वॉर्डच्या प्रमुख नर्सला सांगा की भाषा मराठी म्हणून फाइलमध्ये नोंदवा आणि औपचारिक बोलण्याला दुभाषी लावा. अमेरिकेत असाल तर सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयाला तो मोफत द्यावा लागतो, तुमचा माणूस आणा असं ते म्हणू शकत नाहीत. मराठी लगेच मिळाला नाही तर सासऱ्यांना चांगलं हिंदी येतं का तेही लिहून ठेवा. रात्रीसाठी वेगळं विचारा, दिवसाची सोय रात्री असेलच असं नाही. पाणी, दुखतंय, लघवी, कूस बदला, असं एका कागदावर दोन्ही भाषांत मोठ्या अक्षरांत लिहून खाटेला चिकटवा. आणि औपचारिक बोलणं सुरू झालं की तुम्ही मध्ये बोलू नका. पहिल्या दिवशी अवघड जातं.