तेंदूपत्ता परप्रांतीय व्यापाऱ्याला द्यावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, पेसा क्षेत्रातलं (म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेलं). २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालाय, त्यामुळे तेंदूपत्त्याचा (विडीच्या पानांचा) लिलाव ग्रामसभाच करते. मागे एका ठेकेदारानं रॉयल्टीचा शेवटचा हप्ता बुडवला. माल केव्हाच गेला होता, आमच्या हातात उरला साध्या कागदावरचा करारनामा.

आता परराज्यातला एक व्यापारी आलाय. दर बाकीच्यांपेक्षा बराच जास्त, बोलणं गोड, अ‍ॅडव्हान्स मात्र जेमतेम. म्हातारी मंडळी म्हणतात, ओळखीचाच बरा. (बुडवणारा ओळखीचाच होता, हे कोणी आठवत नाही!) मे महिन्यात बाया पहाटे जंगलात जातात, दुपारभर ओसरीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधतात, मग संध्याकाळी फळीवर, म्हणजे गावच्या संकलन केंद्रावर, मोजणी. एवढं करून पैसे अडकले तर पुढच्या हंगामाला कोण येईल?

माझं मत असं, की पूर्ण रक्कम ग्रामसभेच्या खात्यात आल्याशिवाय वाहतूक परवाना द्यायचाच नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा हक्क मिळाला, तो उगाच नाही. पण या अटीवर व्यापारी पळून जातील अशी भीती सभेत आहे.

कोणाच्या ग्रामसभेनं अशी अट घातली आहे का? बँक गॅरंटी मागितली तर देतात का? आणि या माणसाची चौकशी नेमकी कुठे करावी? आजूबाजूच्या गावांनी मिळून एकत्र लिलाव केला असेल तर करारनाम्याचा नमुनाही पाठवा.