मदत हवी आहे: कॅमेरा हातात घेववत नाहीये (नाशिक)

गंगेवरचा:
सहा महिने झाले, कॅमेरा काढतो आणि परत बॅगेत टाकतो. परवा पहाटे साडेपाचला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गेलो, रामकुंडापाशी तासभर उभा, अकरा फोटो काढले आणि घरी येऊन अकराही उडवले. तेच दिवे, तीच कबुतरं, तीच डुबकी मारणारी माणसं. सगळं आधी कुणीतरी काढलेलंय, बहुतेक मीच. लेन्स बदलून पाहिली, उपयोग नाही. कुणाला असं झालंय का? 'ब्रेक घे' सोडून काहीही सांगा, आणि जरा लवकर सांगा.

निफाडकर:
कॅमेरा कुठला? लेन्स कुठली?

चहाबिनसाखर:
फोटो उडाले असतील तर त्या कार्डावर आता काही म्हणजे काही काढू नका. कार्ड बाहेर काढून ठेवा, रिकव्हरी सॉफ्टवेअर मिळतं, वर नवीन काही लिहिलं गेलं नसेल तर बरेचदा परत येतात. माझ्या भाचीच्या बारशाचे असेच आले होते.

गंगेवरचा:
उडाले नाहीत हो काका, मी उडवले.

पन्नासएमएम:
दादा, झूम कपाटात टाका आणि महिनाभर फक्त ५० एमएमची लेन्स वापरा. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँने जवळपास सगळं आयुष्य ५० वर काढलं. पुढं जायचंय तर पायांनी जायचं, आपोआप वेगळं दिसायला लागतं, मी स्वतः केलंय.

अंधारखोली:
यांचा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा असेल तर ५० चे पंचाहत्तर होतात, मेनरोडच्या गर्दीत समोरचा माणूस अर्धासुद्धा मावायचा नाही. क्रॉपवर ३५ लावा म्हणजे ब्रेसाँचा ५० होतो. आणि मुळात लेन्सचा प्रश्नच नाहीये. आम्ही रोलवर शिकलो, ३६ फोटो, संपले की संपले, त्यातलाही एक घरी लोड करताना जायचा. मागच्या स्क्रीनवर चिकटपट्टी लावा, ३६ मोजून काढा आणि आठवडाभर बघू नका. तुम्ही अकरा काढून त्याच दिवशी फाशी दिलीत.

पन्नासएमएम:
झालं सुरू, आमच्या वेळी.

अंधारखोली:
हो, आमच्या वेळी. फिल्म धुवायच्या डेव्हलपरचा वास दोन दिवस हाताला यायचा.

निफाडकर:
भाऊ, नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात या. पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. चापडगावच्या मनोऱ्यावर बसा, पक्षी बघून मूड येतोच. पण ४०० एमएम पाहिजे, म्हणून लेन्स विचारत होतो.

खिडकीताई:
अहो निफाडकर, पावसाळ्यात कसले पक्षी, ते थंडीत. आता गेले तर नुसता चिखल घेऊन येतील.
गंगेवरचा, एक विचारू का? फोटो हौसेचे की धंद्याचे?

गंगेवरचा:
लग्नाच्या ऑर्डरी घेतो, त्यात काय. या सीझनला चौतीस झाली. कॅमेरा क्रॉपच आहे, लेन्स १८-१४० झूम. पण मी विचारतोय ते माझ्या स्वतःच्या फोटोंचं.

खिडकीताई:
मग हे आधी सांगायचं ना! चौतीस लग्नं, एकेकाचे किती?

गंगेवरचा:
तीन हजार धरा. त्यातून निवडायचे, वर नवरीच्या मावशीचा फोन की माझा एकच का.

खिडकीताई:
म्हणजे लाखभर झाले. मग मन कसं राहील, कबुतरांचा काय दोष. माझं सांगते, पटलं तर घ्या. मुलगी झाली तेव्हा वर्षभर बाहेर पडणं बंद होतं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेची. साडेआठला ऊन ओट्यावर येतं, नऊला पिठाच्या डब्यापर्यंत पोचतं, मग गेलं. त्या अर्ध्या तासात सासूबाई कोथिंबीर निवडायच्या, काड्या एका बाजूला, पानं ताटात, आणि बोटांवरचं पाणी चमकायचं. मी रोज तेवढंच काढायचे, मोबाइलवर. कुणाला दाखवायचे नव्हते. सासूबाई म्हणायच्या, काय गं, कोथिंबिरीचा अल्बम करतेस का.

अंधारखोली:
मोबाइलवर काढलेला फोटो तो फोटोच नाही असं मी म्हणणार होतो, पण राहू दे.

पन्नासएमएम:
खिडकीचाच उजेड पाहिजे तर पांडवलेणी बघा. तोंड उत्तरेकडे, आत थेट ऊन फारसं शिरत नाही, मऊ उजेड असतो. फक्त रविवारी जाऊ नका, सेल्फीवाले असतात.

चहाबिनसाखर:
पूर आला की जा. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत पाणी आलं की फोटो फुकट नाही जात.

गंगेवरचा:
काका, तेव्हा अख्खं नाशिक मोबाइल घेऊन पुलावर असतं.

गंगेवरचा (नऊ दिवसांनी):
चिकटपट्टी लावून बुधवारच्या बाजारात गेलो, गंगेवरच पण दुपारी. मध्येच सर आली. एक मावशी निळ्या ताडपत्रीखाली, मेथी भिजली तरी चालेल पण तागडी भिजायला नको म्हणून पदर तागडीवर धरून बसलेल्या. ताडपत्रीचा निळा उजेड त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर. ३६ मधले नऊच काढले, अजून बघितले नाहीत, अंधारखोली काका, शप्पथ. निघताना मावशींनी थांबवलं, मला वाटलं ओरडणार. तर म्हणाल्या, लग्नाचे काढतो का रे भाऊ? दिवाळीनंतर पोरीचं आहे, कमी करून सांग.

खिडकीताई:
मग काय सांगितलंत?

गंगेवरचा:
नंबर दिला.

निफाडकर:
लेन्स कुठली लावली होती?