धातूच्या सैनिकांवरची चकाकी दुधाळ का होते?

रंगारी५४: पांढऱ्या धातूचे (कथिलाच्या मिश्रधातूचे) ५४ मिमी उंचीचे आठ खेळण्यातले सैनिक रंगवतोय. जुन्या ब्रिटन्स (इंग्लिश खेळणी-कंपनी) सैनिकांसारखी चकाकी हवी आहे. एनॅमलवर ग्लॉस वार्निशचा स्प्रे मारला, दुसऱ्या दिवशी सगळं दुधाळ. लाल कोटाचा रंगही सुटतोय.

ओतारी: दुधाळपणा दमट हवेचा. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो आणि बाष्प थरात अडकतं. कोरड्या दिवशी एक पातळ हात पुन्हा द्या, बहुतेकदा निघतो. रंग सुटणं वेगळं: साच्याची पावडर किंवा बोटांचं तेल राहिलं असणार. बारीक कानशीने साच्याची रेघ (साच्याच्या दोन भागांच्या जोडाची) घासा, भांड्यांच्या साबणाने टूथब्रश फिरवा, पूर्ण वाळवा, मग मेटल प्रायमर. खरं तर वार्निश हवंच कशाला? ग्लॉस एनॅमल स्वतःच चमकतं. दोन पातळ हात, मध्ये २४ तास. डबी ढवळा, हलवू नका, बुडबुडे येतात. छटा-सावल्या टाळा. सपाट रंग आणि गालावर गुलाबी ठिपका, या शैलीचा जीव त्यातच आहे.

कपाट_काचेचं: त्यात कुणी मूळ ब्रिटन्स मिसळला असेल तर त्याला ब्रश लावू नका. १८९३ पासूनचे ते पोकळ ओतीव नग शिशाचे असतात, आणि पुन्हा रंगवला की संग्राहकाच्या लेखी किंमत कोसळते. ओकच्या कपाटातही नकोत. त्या लाकडातून अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ निघते, शिशावर पांढरी भुकटी धरते. ती विषारी आहे: फुंकर मारू नका, हातमोजे घाला.

रंगारी५४: प्रायमरच दिला नव्हता. रंग काढून पुन्हा सुरुवात करतो.