क्लासिक ३५० आणि स्प्लेंडर: ऑइल फिल्टर, जाळी, आणि गिअरबॉक्सला वेगळा फिल्टर असतो का?

कोथरूड_३५०
घरी दोन गाड्या आहेत. एक २०१५ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० (यूसीई इंजिन, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये; किकवाली) आणि दुसरी वडिलांची स्प्लेंडर प्लस. दोन्हींचं ऑइल सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच बदलायचं आहे. पाने, सॉकेट सेट आणि छोटा टॉर्क पाना आहे. शंका अशा:

स्प्लेंडरला फिल्टर नसतोच, नुसतं ऑइल बदला असं गॅरेजमध्ये सांगतात. खरं आहे का? क्लासिकचा जुना फिल्टर टाकून देण्याआधी त्यात नेमकं काय बघायचं? बाहेरच्या व्हिडिओंमध्ये ट्रान्समिशन (गिअरबॉक्सचा) फिल्टर वेगळा बदलताना दाखवतात, तो आपल्या गाड्यांत कुठे असतो? क्लासिकला चुंबकाचा ड्रेन नट बसवलेला आहे, त्यावर दर वेळी करडी पेस्ट जमते. काळजी करायची का?

गिअरतेल
ट्रान्समिशन फिल्टरपासून सुरू करतो, कारण त्यावर बराच गोंधळ असतो.

तुमच्या दोन्ही गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात. गिअरच्या दातांची झीज आणि क्लच प्लेटची काळी भुकटी त्याच ऑइलमध्ये उतरते आणि त्याच फिल्टरमध्ये अडकते. त्यामुळे वेगळा ट्रान्समिशन फिल्टर शोधू नका, तो नाहीच. म्हणूनच बाइकचं ऑइल कारच्या ऑइलपेक्षा लवकर थकतं: गिअरचे दात त्याला अक्षरशः कातरतात आणि त्याचा दाटपणा कमी होत जातो.

जुन्या लोखंडी सिलिंडरच्या बुलेटमध्ये इंजिन, प्रायमरी चेनकेस (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनचा डबा) आणि गिअरबॉक्स अशी तीन वेगळी घरं होती. पण तिथेही फिल्टर फक्त इंजिनाला होता. हार्लेच्या मोठ्या ट्विन इंजिनांतही तीन वेगळी ऑइलं, आणि गिअरबॉक्सला फिल्टर नाही, चुंबकाचा ड्रेन नट आहे.

खरोखर दुसरा फिल्टर लागतो तो होंडाच्या डीसीटी (दोन क्लचच्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या) गाड्यांना, म्हणजे आफ्रिका ट्विन डीसीटी, गोल्ड विंग डीसीटी वगैरे. होंडाने ही पद्धत बाइकवर २०१०मध्ये व्हीएफआर१२००एफपासून आणली. तिथे क्लच ऑइलच्या दाबावर उघडझाप करतात आणि तो दाब सोलेनॉइड (विजेवर चालणारे) व्हॉल्व्ह सांभाळतात. व्हॉल्व्हमध्ये एक कण अडकला तरी गिअर झटका देऊन पडतो, म्हणून क्लचच्या वाटेवर स्वतंत्र कागदी फिल्टर असतो. ऑइल मात्र तिथेही इंजिनाचंच. अशी गाडी सर्व्हिसिंगला दिली तर बिलात दोन फिल्टर आहेत का ते बघा, दुसरा बऱ्याचदा विसरला जातो.

ऑइल एकच असल्यामुळे डब्यावर जासो (जपानी वाहनतेल मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवंच. गिअरलेस स्कूटरचं जासो एमबी ऑइल क्लासिकमध्ये ओतलं तर ओल्या (ऑइलमध्ये बुडालेल्या) क्लचच्या प्लेटा घसरतात: आरपीएम चढतो, वेग चढत नाही. सिंहगडाच्या चढावर हे लगेच कळतं. कारच्या पातळ, इंधनबचतवाल्या ऑइलांनाही हेच लागू.

नटबोल्ट
क्लासिकचं काम सांगतो.

गाडी पाच-सात मिनिटं चालवून आणा. ऑइल कोमट हवं, म्हणजे तळाचा गाळ त्यात मिसळून बाहेर येतो. अर्धा तास ट्रॅफिकमधून आणून लगेच नट उघडू नका, हात भाजेल आणि गरम ॲल्युमिनियमचे आटे लवकर जातात. गाडी डबल स्टँडवर, आणि आधी ऑइल भरायचं झाकण उघडायचं. झाकण अडकलेलं असेल तर ते ऑइल काढण्यापूर्वीच कळलेलं बरं.

इंजिनाखालचा ड्रेन नट सहा कोनांच्या सॉकेटनेच खोला. बारा कोनी रिंग पाना झिजलेल्या नटावर घसरतो. पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या. सक्शनची जाळी (पंपाकडे जाणारं ऑइल गाळणारी) याच वेळी काढून रॉकेलने धुवा, आणि पुरती वाळल्याशिवाय परत बसवू नका. जाळीत रबराचे किंवा प्लॅस्टिकचे तुकडे असतील तर बाजूला ठेवा, त्यांच्याबद्दल पुढे येतंच.

उजव्या बाजूचं फिल्टरचं कव्हर काढण्याआधी भोवतालची जागा पुसून घ्या. तिथे पुण्याची सगळी धूळ चिकटलेली असते आणि कव्हर निघालं की ती थेट स्वच्छ बाजूला पडते. बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून सैल करायचे. कव्हर हलकेच ओढा, आत उरलेलं ऑइल सांडतं. आता इथे थांबा आणि मोबाइलवर फोटो काढा. फिल्टरचं कोणतं तोंड आत होतं, स्प्रिंग किंवा वॉशर असल्यास कुठे होता, ओ-रिंगा किती आणि कुठे, हे सगळं फोटोत यायला हवं.

हा मुद्दा मोठा आहे. कागदी फिल्टरमध्ये ऑइल बाहेरून आत शिरतं आणि मधल्या भोकातून इंजिनाकडे जातं. फिल्टर उलटा बसला तर बंद तोंड ऑइलच्या वाटेवर येतं. मग एक तर ऑइल न गाळता बायपासमधून जातं, नाही तर वरच्या भागाला पुरतं पोचतच नाही. बाहेरून काहीच कळत नाही, गाडी सुरूही होते, आणि झीज होत राहते. होंडाच्या काही फिल्टरांवर 'आउट-साइड' असं छापलेलं असतं, ती बाजू कव्हरकडे. ज्यावर खूण नाही तिथे तुमचा फोटो हीच खूण.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे जुनी ओ-रिंग खाचेतच चिकटून राहते आणि तिच्यावर नवी बसते. कव्हर बसल्यासारखं वाटतं, दाब आला की ऑइल फवारतं आणि मागच्या टायरवर जातं. जुन्या रिंगा मोजून बाहेर काढा. नव्या रिंगांना बोटाने ऑइल लावा. सिलिकॉनचं सीलंट इथे अजिबात नको. त्याचे दोरे सुटून बारीक ऑइलवाटांमध्ये अडकतात, आणि ते मग इंजिन उघडल्याशिवाय निघत नाहीत.

कव्हरचे बोल्ट एम६ असतील तर १० न्यूटन-मीटर पुरेत. तेही आधी हाताने पूर्ण फिरवून, मग आलटून पालटून. ड्रेन नटाखालचा वॉशर दर वेळी नवा घ्या. तो एकदाच दबण्यासाठी बनवलेला असतो. जुन्या वॉशरमुळे ठिबकतं, ठिबकलं की माणूस नट आणखी आवळतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी केसचे आटे निघून येतात. एम१२ आकाराचे ड्रेन नट साधारण २० ते ३० न्यूटन-मीटरमध्ये बसतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतला धरा.

ऑइल १५डब्ल्यू-५०. फिल्टर बसवण्याआधी त्याच्या घरात थोडं ओता, ते धरून आधी एकूण २ लिटर भरा. तपशिलात लिहिलेला २.७५ लिटरचा आकडा पूर्ण कोरड्या इंजिनाचा असतो. नुसतं काढून भरताना तेवढं घातलं तर जादा होतं आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरच्या डब्यात येतं. किल स्विच बंद ठेवून आठ-दहा किका मारा, म्हणजे पंप ऑइल उचलतो. मग सुरू करून दोन मिनिटं मंद चालू द्या, रेस करू नका. बंद करा, पाच मिनिटं थांबा, गाडी सरळ उभी असताना काचेतून पातळी बघा आणि थोडं थोडं घालत दोन खुणांच्या मध्ये आणा.

चुरा_बघा
फिल्टर टाकून देण्याआधी उघडून बघायचं विचारलंत ते फार छान केलंत. हे फुकटचं निदान आहे आणि बहुतेक जण ते कचऱ्यात घालतात.

फिल्टर रात्रभर निथळू द्या. धारदार कटरने घडीचा कागद दोन्ही टोकांपाशी कापून मोकळा करा, पांढऱ्या कागदात गुंडाळून व्हाइसमध्ये दाबा, ऑइल निघून जाईल. मग उन्हात पसरून बघा, आणि पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं चुंबक वरून फिरवा.

ड्रेन नटावरची करडी पेस्ट, बोटांमध्ये घासली तर मलईसारखी, खरखर नाही: ती नेहमीची झीज आहे, पुसा आणि विसरा. खरखर लागली, किंवा नखाने उचलता येईल अशी चमकती पातळ चिपळी दिसली, की लक्ष द्यायचं. चुंबकाला चिकटणारे टोकदार तुकडे गिअरचे दात, बेअरिंग किंवा टायमिंगच्या भागांचे. यूसीई इंजिनात स्टार्टरच्या स्प्रॅग क्लचचाही (स्टार्टरला एकाच दिशेने इंजिनाशी जोडणारा भाग) विचार करा, विशेषतः बटण दाबल्यावर खाडकन आवाज येत असेल तर. चुंबकाला न चिकटणारी रुपेरी चमक ॲल्युमिनियमची, म्हणजे पिस्टन किंवा केस. सोनेरी-तांबूस कण बुशचे. काळे प्लॅस्टिकचे किंवा रबराचे तुकडे बहुधा चेन गाइडचे किंवा सीलचे, आणि दोरीसारखे लवचीक धागे म्हणजे आधीच्या माणसाने लावलेलं सीलंट.

एकटी चिपळी सापडली म्हणून इंजिन उघडू नका. तारीख आणि किलोमीटर लिहून कागद जपून ठेवा, ५०० किलोमीटरनंतर पुन्हा चुंबक बघा. वाढत असेल तर उघडायचं. मात्र दाताच्या आकाराचा तुकडा मिळाला तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टेम्पोत घाला.

ऑइलकडेही बघा. काळं पडणं हा दोष नाही. पेट्रोलचा वास आणि वाढलेली पातळी म्हणजे कार्ब्युरेटरचा फ्लोट किंवा सुई गळतेय. दुधाळ रंग म्हणजे पाणी. पावसाळ्यात फक्त दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या तर झाकणाखाली पांढरा फेस येतो, तो एका लांब चक्करने जातो. पण खडकवासल्यातून विसर्ग वाढला, भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली गेला आणि गाडी त्यात उभी राहिली, तर किक मारायची नाही. आधी ऑइल काढून बघायचं, सोबत एअर फिल्टर आणि प्लग.

कोथरूड_३५०
खूप उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. ऑइल बदलल्यावर पहिली काही मिनिटं टॅपेटचा टिकटिक आवाज येतो, तो चालेल का? आणि स्प्लेंडरचं?

नटबोल्ट
यूसीईमध्ये हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबावर व्हॉल्व्हची फट आपोआप भरणारे) आहेत. ऑइल काढल्यावर त्यात हवा शिरते, ती निघेपर्यंत टिकटिक होते. इंजिन गरम झाल्यावरही राहिली तर पातळी आणि फिल्टरची दिशा पुन्हा तपासा. टॅपेट घट्ट करायला जाऊ नका, यात ते समायोजन नाही.

आजोबांची_स्प्लेंडर
स्प्लेंडरला कागदी फिल्टर नाही, हे खरं. फिल्टर नाही, हे चूक. दोन आहेत: एक जाळी, दुसरा क्रँकच्या टोकावरचा सेंट्रिफ्यूगल कप. क्रँकसोबत तो फिरतो, जड कण बाहेरच्या भिंतीवर फेकले जाऊन तिथे थर धरतात आणि स्वच्छ ऑइल मधून पुढे जातं. हा थर आपोआप जात नाही. ऑइल शंभर वेळा बदललं तरी तसाच राहतो, कारण ड्रेन नटापर्यंत तो येतच नाही. दोन्ही साफ करायचं अंतर १२,००० किलोमीटर.

त्यासाठी उजवं कव्हर काढावं लागतं. फूटरेस्ट, किक आणि क्लच केबल मोकळी करा. कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर केस फुटते. कपच्या झाकणाला तीन स्क्रू असतात, ते योग्य मापाच्या स्क्रू ड्रायव्हरनेच खोला, डोकं झिजलं की फार त्रास होतो. आतला चिकट काळा थर लाकडी काडीने खरवडा, रॉकेलने पुसा, धागे सुटणारं फडकं वापरू नका. जाळी खाचेतून सरळ बाहेर निघते. कपच्या झाकणाचा आणि कव्हरचा, दोन्ही गॅसकेट नवे. जुनं गॅसकेट खरवडताना ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथून पाझरणार, म्हणून इथे घाई नको. शेवटी क्लच केबलची ढील परत लावा.

नुसतं ऑइल बदलायचं असेल तर १७चा पाना, नवा वॉशर, १०डब्ल्यू-३०. ८०० मिली ओता, एक मिनिट चालवा, थांबा, मग ऑइलची पातळी मोजायच्या काडीने (डिपस्टिकने) बघत वर न्या. काडी फिरवून घट्ट करायची नाही, नुसती टेकवून बघायची. कव्हर उघडलं असेल त्या वेळी थोडं जास्त लागतं.

चुरा_बघा
यात भर: पावसाळ्यानंतर दोन्ही गाड्यांत डिझेल किंवा रॉकेल ओतून इंजिन फ्लश करून देतो म्हणणारे भेटतील. नको म्हणा. ते पूर्ण निथळत नाही, उरलेलं नव्या ऑइलला पातळ करतं, आणि सुटलेला गाळ नव्या फिल्टरमध्ये जातो. कागदी फिल्टर हवेने फुंकून परत वापरणंही नको.

गिअरतेल
फिल्टर आणि ओ-रिंगांचा सेट, ड्रेन वॉशर, स्प्लेंडरचे गॅसकेट नाना पेठेत मिळतील. जुना फिल्टर सोबत न्या आणि लांबी व भोकाचं माप दुकानातच ताडून बघा. थोडा आखूड फिल्टर घरात नीट दाबला जात नाही आणि ऑइल त्याच्या कडेने निसटतं. सॉकेट बोहरी आळीत बघा.

वापरलेलं ऑइल २०१६च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. गटारात किंवा झाडाखाली ओतू नका. ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्येच भरा, झाकण लावा, आणि ज्या गॅरेजकडून नोंदणीकृत पुनर्वापरवाले ऑइल उचलतात त्यांना द्या. कूलंट किंवा रॉकेल त्यात मिसळू नका, मिसळलेलं ते घेत नाहीत. जाळी धुतलेलं रॉकेल वेगळ्या बाटलीत.