भाच्याच्या लुथेरन शाळेत स्वागत, जावं का?

इंदूरकर_मावशी: ताई ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला शिफ्ट झाली, भाचा लुथेरन प्रायमरीत जाणार, शाळेने जानेवारी एंडला सगळ्या फॅमिलीला बोलावलंय, आधी प्रार्थना मग चहा, तर आई इथे टेन्शनमध्ये की आपण हिंदू, चालेल का? आणि जानेवारीत कसलं शाळेचं नवीन वर्ष?

पोहे_जलेबी: तिकडे उन्हाळा डिसेंबर-जानेवारीत असतो, सुट्टी संपली की नवी इयत्ता. लुथेरन म्हणजे मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मसुधारकाला मानणारे ख्रिश्चन. त्याने 1524 मध्येच जर्मन शहरांना पत्र लिहिलं होतं की शाळा काढा, मुलींसाठीपण. साउथ ऑस्ट्रेलियात हे जर्मन लुथेरन 1838 पासून आहेत.

सराफा_रात्री: जा हो बिनधास्त, प्रार्थनेला शांत उभं राहायचं बस. आपणपण मिशनच्या शाळेतच शिकलो ना? फक्त डब्यात दाण्याची चिक्की नको, अ‍ॅलर्जीचं फार बघतात.

इंदूरकर_मावशी: आईने चिक्कीच पॅक केलीये 😅